कॅल्शियम, केएच आणि ट्रेस : सोलापुरात रीफ टाकीचं डोसिंग कसं बसवायचं?

समुद्रवेडी

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहते. तीन फुटी रीफ टाकी आहे, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची. सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून आणि दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १८० लिटर. प्रवाळांपैकी आत झोआ, दोन युफिलिया, तीन मोंटिपोरा आणि बर्ड्सनेस्टचा एक फ्रॅग (छोटा तुकडा).

मोंटिपोराच्या कडा छान पुढे सरकत होत्या, त्या थांबल्यात. बर्ड्सनेस्ट बुडाकडून पांढरा पडायला लागलाय. मागच्या काचेवर कोरलाइन शेवाळाचा जांभळा थर धरत होता, तोही फिका झालाय. काल रात्रीचे आकडे असे :

खारटपणा ३७ पीपीटी (हजारात भाग), केएच (पाण्याची अल्कता) ६.१, कॅल्शियम ४९०, मॅग्नेशियम ११९०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०४, तापमान २७.

रोज कॅल्शियमच्या बाटलीतून ५ मिली आणि आठवड्यातून दोनदा ट्रेस (सूक्ष्म घटकांचं) मिश्रण जातं. एका दुकानदारानं कॅल्शियम वाढवा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं स्ट्रॉन्शियम आणि आयोडीनच्या वेगळ्या बाटल्या सुचवल्या. दोन्ही घेण्याआधी इथे विचारते. नक्की काय कमी पडतंय?

होटगीरोड

ताई, कॅल्शियम ४९० म्हणजे भरपूर आहे की ओ. अजून कशाला वाढवायचं? मला तर केएचच कमी दिसतोय. मास्तर येऊन नीट सांगतील, पण तोवर नवी बाटली घेऊ नका.

रसायनमास्तर

होटगीरोड बरोबर बोलताहेत. तुमच्या टाकीत ट्रेसचा प्रश्न मला अजून दिसतच नाही. क्रम लावून बघू.

सगळ्यात आधी खारटपणा. समुद्राचं पाणी ३५ पीपीटीचं, विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. तुमचं ३७ आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की झाकण नसलेली टाकी दिवसभर आटत राहते. पाणी उडतं, मीठ राहतं, आणि त्या मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, केएच सगळेच आकडे फुगतात. तुमचे आकडे ३५ वर आणून वाचा : केएच ५.८, कॅल्शियम ४६३, मॅग्नेशियम ११२५. केएच ६.१ वाटत होता त्याहून खाली आहे आणि मॅग्नेशियम तर बरंच खाली. सोलापुरात खारटपणा न लिहिता नुसता केएच लिहिला तर त्या नोंदीला अर्थ नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचा मीटर) ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवलाय का ते बघा. आरओच्या पाण्यावर शून्य केलेला मीटर ३५ जवळ चुकू शकतो. मीटर खरा निघाला तर टाकीतलं सुमारे १० लिटर खारं पाणी काढून तेवढंच आरओचं पाणी घाला, पण एका दमात नको, दोन-तीन दिवसांत विभागून.

आता मूळ मुद्दा. प्रवाळ सांगाडा बांधतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यासाठी एक वाटा कॅल्शियम आणि दोन वाटे बायकार्बोनेट लागतं, आणि हे प्रमाण ठरलेलं आहे. केएच १ ने उतरला की त्याच वेळी कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने उतरतं. केएचच्या मानानं १ हा फार मोठा घास, कॅल्शियमच्या मानानं ७ जाणवतही नाही, कारण समुद्रातच कॅल्शियम ४१० ते ४२० असतं आणि केएच जेमतेम ७. म्हणून टंचाई पहिल्यांदा केएचला जाणवते. तुम्ही रोज फक्त कॅल्शियम भरत गेलात, तर कॅल्शियम चढत गेलं आणि केएच खर्ची पडत गेला. कॅल्शियमची बाटली वाढवून हे कधीच जुळणार नाही.

तुमच्यासाठी लक्ष्य : केएच ७.५ ते ८, कॅल्शियम ४२० च्या आसपास, मॅग्नेशियम १२७५ ते १३००. काही लोक केएच ९-१० ठेवतात. नायट्रेट-फॉस्फेट कमी असलेल्या टाकीत तिथे एसपीएसची (मोंटिपोरा, बर्ड्सनेस्टसारख्या बारीक पॉलिपच्या कठीण प्रवाळांची) टोकं जळतात, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही.

आज रात्रीपासून कॅल्शियम आणि ट्रेस दोन्ही बंद. केएच वाढवायला खायचा सोडा पुरेसा आहे. १०० लिटर पाण्यात १ केएच चढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो. तुम्ही रोज ५ ग्रॅम द्या, अडीच सकाळी आणि अडीच रात्री, पेलाभर आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून, सम्पमध्ये जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू. हिशेबानं रोज ०.९ चढेल, त्यातलं निम्म्याहून जास्त प्रवाळ त्याच दिवशी वापरतील, त्यामुळे आकडा सावकाश वर येईल. तेच हवंय. दिवसात १ च्या वर केएच उडाला की प्रवाळ बिथरतो, मग तो वर उडाला काय किंवा खाली.

मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट, एकूण सुमारे २२५ ग्रॅम, चार-पाच दिवसांत विभागून. मॅग्नेशियम कमी असलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकत्र येऊन खाली बसतात, हीटरवर आणि पंपाच्या चक्रीवर पांढरा खडबडीत थर धरतो. मग दोन्ही कितीही ओता, आकडा टिकत नाही.

समुद्रवेडी

मास्तर, खूप आभार. पंपाच्या चक्रीवर खरंच पांढरा थर आहे, मी तो नुसता कचरा समजून घासून काढत होते. दोन शंका. किराणा दुकानातला सोडा चालेल? आणि माझा केएचचा किट खरा सांगतोय हे कसं ओळखायचं?

रसायनमास्तर

चक्री साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा, थर सुटेल. धुऊन मग लावा.

बंद पाकिटातला, ज्यावर सोडियम बायकार्बोनेट एवढंच लिहिलंय असा सोडा घ्या. बेकिंग पावडर अजिबात नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. धुण्याचा सोडाही नको, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

किट तपासायला तोच सोडा वापरता येतो. घरचा वजनकाटा ०.३ ग्रॅम नीट मोजणार नाही, म्हणून ३ ग्रॅम सोडा १ लिटर आरओ-डीआय (आरओनंतर रेझिनमधून गाळलेल्या) पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिली घेऊन त्यात आणखी पाणी घालून बरोबर १ लिटर करा. या पाण्याचा केएच १० असतो. आता किट लावा. सॅलिफर्टच्या किटमध्ये थेंबाथेंबानं निळसर हिरव्याचं केशरी-गुलाबी होतं. प्रत्येक थेंबानंतर बाटली हलवा आणि रंग पुन्हा मागे फिरत नाही तिथे थांबा. १० च्या जागी १०.३ आलं तर ठीक. ११.५ आलं तर किट बदला. काटा मात्र आधी तपासून घ्या. सराफकट्ट्यावरचा माणूस विनंती केली तर ३ ग्रॅम तोलून देतो.

अभिक्रियकाच्या बाटल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. रोज ठरलेल्या वेळी मोजा. सकाळचा आणि रात्रीचा आकडा एकमेकांशी ताडून खर्च काढता येत नाही.

अक्कलकोट_नाका

मी सोडा-बिडा काही वापरत नाही. टॉप-अपच्या (आटलेलं पाणी भरून काढायच्या) डब्यात चुन्याची निवळी भरून ठेवली की कॅल्शियम आणि केएच दोन्ही एकदम, योग्य प्रमाणात जातात. पीएचही वर राहतो. बाटल्यांचा खर्च नाही. ताईंनीही हेच करावं.

रसायनमास्तर

निवळी उत्तम आहे, मला स्वतःला आवडते. प्रमाण आपोआप जुळतं हेही खरं. पण ती टॉप-अपला जोडली की डोस किती जायचा हे टाकीच्या गरजेवर नाही, हवेवर ठरतं. आकडे मांडून दाखवतो.

संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये सुमारे ४० मिलिइक्विव्हॅलंट अल्कता असते. १८० लिटरच्या टाकीत तो एक लिटर गेला की केएच ०.६ ने चढतो. ताईंची टाकी उन्हाळ्यात दिवसाला ४ लिटर आटली आणि तेवढी निवळी गेली, तर केएच अडीच चढेल. पावसाळ्यात हीच टाकी दीड-दोन लिटरच आटेल आणि डोस निम्म्यावर येईल. प्रवाळाची भूक दोन्ही ऋतूंत साधारण तेवढीच. मुंबईच्या दमट हवेत लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा उचलला की घोटाळा होतो तो असा.

वापरायचीच असेल तर निवळी वेगळ्या डब्यात करा, रोजची मापून ठेवा आणि फक्त रात्री डोसिंग पंपानं थेंबथेंब सोडा. उरलेला टॉप-अप साध्या आरओ पाण्याचा. शिवाय चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे मे महिन्यातली संपृक्त निवळी डिसेंबरच्या निवळीपेक्षा थोडी फिकी असते. डब्याला झाकण हवं, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड वर साय धरतो. तळाचा गाळ ढवळू नका, अशुद्धी त्यातच बसतात. पीएच १२.४ असतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घाला. पानाला लावायचा चुना तर टाकीपासून लांबच ठेवा, प्रयोगशाळेच्या प्रतीचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळतं.

अक्कलकोट_नाका

चार लिटरचा हिशेब पटला. माझी टाकी एसीच्या खोलीत झाकणासह आहे, आटणं वर्षभर सारखंच, म्हणून मला त्रास जाणवला नसणार. तरी खर्च मोजून बघतो.

पुण्याचा_रीफवाला

एसीची खोली दार-खिडक्या बंद असली की माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच ७.८ पर्यंत उतरतो, हेही नोंदवून ठेवा. अशा खोलीत निवळी खरंच उपयोगी. पण पीएच कमी दिसला म्हणून केएच वाढवत बसू नका, आधी खिडकी उघडून बघा.

ताईंच्या टाकीला टू-पार्ट सोपं जाईल. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी दिलेल्या दोन कृतींपैकी सौम्य कृती वर्षानुवर्षं वापरतोय. लिटरच्या हिशेबात ती अशी : एका बाटलीत १ लिटर आरओ पाण्यात ७८ ग्रॅम खायचा सोडा, न भाजलेला. दुसऱ्या बाटलीत १ लिटरमध्ये ६६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. लेबलवर डायहायड्रेट आहे की निर्जल ते वाचा. निर्जल असेल तर ५० ग्रॅमच लागेल, आणि ते विरघळताना पाणी चांगलंच तापतं. दोन्ही बाटल्यांचे डोस सारखे द्यायचे, पण एका वेळी आणि एका जागी कधीच नाही. एकत्र पडले की डोळ्यांदेखत दुधासारखं पांढरं होतं.

होटगीरोड

मध्येच विचारतो, माफ करा. मी घरच्या प्यायच्या आरओचं पाणी टॉप-अपला वापरतो. बोअरचं पाणी, आरओनंतर टीडीएस ७०. तांब्याची कार्ट्रिज असलेलं मॉडेल आहे. गोगलगायी दर वेळी मरतात. संबंध असेल काय?

रसायनमास्तर

आजच थांबवा. प्यायच्या आरओमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो आणि वर खनिजाची, तांब्याची कार्ट्रिज असते. माणसाला ते चालतं. गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना तांबं विष आहे, अगदी थोडंसुद्धा. आटलेलं पाणी रोज या पाण्यानं भरलं की तांबं साठतच जातं.

आरओची नळी त्या कार्ट्रिजच्या आधी काढून घ्या, कंट्रोलर पूर्ण बंद करा आणि पुढे डीआय रेझिनचा एक डबा लावा. टीडीएस ० आला पाहिजे. आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की मेंब्रेन लवकर बसतं. ज्यांच्याकडे पालिकेचं पाणी आहे त्यांनी पाणी येईल त्या दिवशीच पुढच्या पाळीपर्यंतचा साठा करून ठेवावा, पण आधी कार्बन फिल्टर हवाच, क्लोरीन मेंब्रेन खराब करतं. तुमच्या टाकीत मोठा पाणीबदल करा आणि सम्पमध्ये ताजा सक्रिय कोळसा ठेवा.

नवखा_मासेवाला

माझ्याकडे फक्त मऊ प्रवाळ आहेत : झोआ, मशरूम आणि एक लेदर. मलाही हे सगळं करावं लागेल? आणि बर्ड्सनेस्ट वगैरे सोलापुरात आणायचे तर कुठून?

पुण्याचा_रीफवाला

तुम्हाला नाही. यातलं कुणीही दगडी सांगाडा बांधत नाही, त्यामुळे कॅल्शियमचा खर्च नगण्य. आठवड्याला १० टक्के पाणी बदला आणि केएच अधूनमधून बघा, बास.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मनापासून सांगतो. भारतीय समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी रत्नागिरीचा, लक्षद्वीपचा, मन्नारच्या आखातातला तुकडा म्हणून देत असेल तर हात लावू नका. परदेशातून कायदेशीर आयात झालेला, कागदपत्रं असलेला, टाकीत वाढवलेला फ्रॅगच घ्या आणि पावती जपून ठेवा. आपण इथे केएचच्या दशांशासाठी एवढी धडपड करतो ती या जिवांवर प्रेम आहे म्हणून. समुद्रातून ओरबाडलेला तुकडा टाकीत ठेवून त्या प्रेमाला काही अर्थ उरत नाही.

समुद्रवेडी

दोन आठवड्यांनी कळवतेय. मीटर द्रावणावर तपासला, खारटपणा ३५ वर आणला. सोडा आणि मॅग्नेशियम सांगितल्याप्रमाणे दिलं. केएच ७.९ ला आल्यावर सगळं थांबवून रोज रात्री नऊला मोजलं : ७.९, मग ७.३, मग ६.७. मॅग्नेशियम १२८०. कॅल्शियम ४२५ पर्यंत आपोआप उतरलं. बर्ड्सनेस्टचा पांढरा भाग वर सरकायचा थांबलाय आणि एका मोंटिपोराच्या कडेला पातळ फिकी किनार दिसतेय. ही वाढ आहे की अजून आजार?

रसायनमास्तर

किनार गुळगुळीत आणि बाहेर पसरणारी असेल तर वाढ. नवा सांगाडा आधी तयार होतो, रंग मागून भरतो. ऊतक सोलून आतला दगड उघडा पडला असेल तर आजार. तुमच्या वर्णनावरून वाढच दिसते. आनंद झाला!

खर्च दिवसाला ०.६ आला. आता सोडा देऊन केएच परत ७.८ ला आणा आणि मग रोजचा डोस सुरू करा. रीफवाल्यांनी दिलेल्या सौम्य द्रावणाचे १०० लिटरला १ केएचसाठी ३८ मिली लागतात. १८० लिटरला ०.६ साठी ४१ मिली. म्हणजे सोड्याचं ४१ आणि कॅल्शियमचंही साधारण तेवढंच. सोडा रात्री, दिवे गेल्यावर. कॅल्शियम सकाळी.

एक बारीक गोष्ट. सोड्यातलं सोडियम आणि दुसऱ्या बाटलीतलं क्लोराइड मागे उरतं, म्हणजे साधं मीठ. तुमच्या डोसला महिन्याकाठी लिटरमागे एक तृतीयांश ग्रॅमहून थोडं जास्त. पाणीबदलात ते निघून जातं, पण खारटपणा बघत राहा. हान्स-वेर्नर बालिंग यांच्या पद्धतीत यासाठीच तिसरी बाटली असते, सोडियम क्लोराइड नसलेल्या मिठाची. आठवड्याला १८ लिटर बदलणार असाल तर तुम्हाला ती लागणार नाही. बदलायच्या पाण्याचा केएच मात्र आधी मोजा. काही मिठांचा केएच मुद्दाम ११-१२ ठेवलेला असतो. मोठ्या पाणीबदलात तो झटका बसतो.

पुण्याचा_रीफवाला

डोसिंग पंप घेणार असाल तर तो रिटर्न पंपाच्याच (सम्पमधलं पाणी टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या) विजेच्या लाइनवर जोडा. लोक डोसिंग पंप इन्व्हर्टरवर ठेवतात आणि रिटर्न पंप ठेवत नाहीत. लोडशेडिंगमध्ये सगळा सोडा साचलेल्या पाण्यात एका जागी पडतो आणि वीज आल्यावर टाकीभर पांढरा धूर. पंपाची नळी झिजते, म्हणून दर महिन्याला मोजपात्रात १० मिली सोडून बघायचं.

समुद्रवेडी

हो, तसंच जोडते. आता ट्रेसच्या बाटलीचं सांगा. अर्धी शिल्लक आहे, पुन्हा सुरू करू का?

रसायनमास्तर

नको. समुद्रात स्ट्रॉन्शियम साधारण ८ पीपीएम असतं, आयोडीन जेमतेम ०.०६. लोह, मँगनीज, जस्त त्याहूनही कितीतरी कमी. घरच्या किटवर यातलं काही भरवशानं मोजता येत नाही. आयोडीन तर पाण्यात रूपं बदलत राहतं, त्याचा किट बहुतेकदा मनाचा खेळ. मिश्रणाच्या बाटलीत दहा घटक असतात आणि तुमच्या टाकीत त्यातले कदाचित दोनच संपतात. उरलेले आठ प्रत्येक डोसनं साठत जातात. १० टक्के पाणीबदल आणि माशांचं खाणं यातून एवढ्या प्रवाळांना लागणारे सूक्ष्म घटक मिळतात.

पुढे मोंटिपोरा मोठे झाले, केएचचा खर्च दीडच्या वर गेला आणि रंग फिके पडू लागले, तर पाण्याचा नमुना आयसीपी तपासणीला (प्रयोगशाळेत सूक्ष्म घटक मोजतात ती) पाठवा. त्यात जो घटक कमी निघेल तो एकटाच द्या, अर्ध्या मात्रेनं, आणि पुन्हा तपासा. ही तपासणी केएच आणि खारटपणा महिनाभर स्थिर ठेवल्यावरच करायची. डगमगत्या टाकीचा अहवाल त्या एका दिवसापुरताच असतो. त्यातून तांबं आणि जस्तही कळतं, त्यामुळे होटगीरोड यांनी मात्र तो खर्च आधी करावा.

होटगीरोड

डीआय लावलं, टीडीएस ० आला. नमुना पुढच्या सोमवारी पाठवतोय. अहवाल आला की इथंच टाकतो. गोगलगायी तोवर आणत नाही.

रसायनमास्तर

चांगलं. नमुना घ्यायच्या आधी दोन दिवस काही डोस करू नका, बाटली टाकीच्याच पाण्यानं तीनदा विसळून घ्या आणि धातूचा चमचा वापरू नका.

ताई, तुम्ही ४१ मिली सुरू केल्यावर पहिला आठवडा केएच रोज बघा, मग आठवड्यातून दोनदा. आकडा खाली सरकायला लागला तर दोन्ही बाटल्या एकदम १० टक्क्यांनी वाढवा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम महिन्यातून दोनदा पुरे. जूनमध्ये हवा दमट झाली की टॉप-अप कमी होईल, त्या आठवड्यात खारटपणा पुन्हा तपासा.